थ्रेक्सबीचे साडेनऊ अर्ल

काम एका लाकडी फळीचं होतं. चार फूट उंच, अडीच फूट रुंद, ओकची. तिच्यावर थ्रेक्सबीच्या अर्लांची, म्हणजे इथल्या जुन्या सरदारांची, नावं रंगवायची आणि ती चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीला लावायची. जानेवारीच्या बैठकीत मी हात वर केला तेव्हा माझा अंदाज असा होता: यादी करायला एक दुपार, तपासायला दुसरी, आणि स्क्रू मारायला माझ्या नवऱ्याची, क्लेमंटची, अर्धी. एकूण अडीच दुपारी. छत्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे मी कुठल्याही अंदाजात दहा टक्के चूक धरते. म्हणजे फार तर पावणेतीन दुपारी.

चौदा महिने लागले.

हात वर करायला कारणीभूत झाल्या आमच्या पाद्रीबाई, रेव्हरंड मार्जरी क्विल. त्या गावात नव्या होत्या. बैठकीत त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, "चर्चमध्ये हे जे सगळे दगडी गृहस्थ झोपलेत ते कोण?"

"ते अर्ल," डल्सी ओकशॉट म्हणाली. चर्चमधल्या फुलांची व्यवस्था डल्सीकडे आहे. बाकी सगळ्या गोष्टींची व्यवस्थाही आपल्याकडे आहे असं तिचं मत आहे.

"एकूण किती?"

"पुष्कळ."

'पुष्कळ' हे उत्तर मी वर्गात कधी चालवून घेतलं नाही. हात आपोआप वर गेला. पाद्रीबाईंनी तो मोजला, चिटणिसांनी वहीत लिहिला, आणि विषय बदलून छपराच्या गळतीवर गेला. इंग्लंडातल्या कुठल्याही चर्च समितीत छपराच्या गळतीपर्यंत पोचलेला विषय मागे फिरत नाही.

अर्लांची यादी करणं अवघड नव्हतं. जिल्ह्याच्या ग्रंथालयात सरदार घराण्यांचा एक जाडजूड ग्रंथ आहे, तो मी दोन हातांनी उचलून टेबलावर ठेवला. पहिल्या अर्लला १६२६ साली राजाने किताब दिला. का दिला ते ग्रंथात नाही. राजाची शिकारी कुत्री थ्रेक्सबीच्या दलदलीत हरवली आणि ती या गृहस्थाने पाठीवर घेऊन बाहेर आणली, असं गावात सांगतात. दुसरा अर्ल यादवी युद्धात दोनदा बाजू बदलून दोन्ही वेळा हरला. हे साधायला वेगळीच बुद्धी लागते. तिसऱ्याने तळं खणलं. चौथा एकेचाळीस वर्षं लॉर्डांच्या सभागृहात बसला आणि त्या काळात एकदाच बोलला: "ती खिडकी कुणी लावेल का?" पाचव्याने डुकरं पाळली आणि त्यांना मंत्र्यांची नावं दिली. सहावा तळ्यात पडला. सातव्याने तळं बुजवलं. आठवा जॉफ्री, तो १९१७ मध्ये गेला. नववा त्याचा धाकटा मुलगा हेन्री. त्याला मूल नव्हतं, म्हणून १९५६ मध्ये तो गेला तेव्हा किताबही त्याच्याबरोबर संपला. अर्लांच्या वाड्यात आता गोल्फ क्लब आहे.

नऊ. मी तसं डल्सीला सांगितलं.

"दहा," डल्सी म्हणाली.

"ग्रंथात नऊ आहेत."

"ग्रंथ लिहिणारा इथे राहत होता का?"

"नसावा."

"मग? माझी आजी इथे राहत होती. ती दहा म्हणायची. अगं, बगदादमध्ये गेला तो अ‍ॅम्ब्रोज कुठे धरलास तू?"

तो मी धरला नव्हता. ग्रंथात त्याच्याबद्दल दीड ओळ होती: 'ज्येष्ठ पुत्र अ‍ॅम्ब्रोज, पित्याच्याच दिवशी बगदाद येथे निधन.' महिना मार्च, तारीख चौदा, साल १९१७. इथे एक नियम लक्षात घ्यावा लागतो. अर्लपद एक क्षणही रिकामं राहत नाही. बापाचा श्वास थांबला की त्याच क्षणी थोरला मुलगा अर्ल होतो, मग तो कुठेही असो, त्याला कळलेलं असो वा नसो. म्हणजे त्या दिवशी अ‍ॅम्ब्रोज बापाच्या नंतर गेला असेल तर तो नववा अर्ल आणि हेन्री दहावा. आधी गेला असेल तर तो कुणीच नाही.

आणि अ‍ॅम्ब्रोजची मुलगी चर्चपासून चौथ्या घरात राहत होती.

मिस सिसली स्ट्रेटन तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. बाप गेल्यानंतर सहा महिन्यांनी जन्मलेल्या. त्यांची आई फ्लोरा ही गावच्या परटिणीची मुलगी. अ‍ॅम्ब्रोजने युद्धावर जाण्याआधी तिच्याशी कुणाला न सांगता लग्न केलं. लग्न कायदेशीर होतं, दाखला होता, पण वाड्याने तिला कधी दारात उभं केलं नाही. मुलगा झाला असता तर अर्लपद त्याचं, मग उभं करावं लागलं असतं. झाली मुलगी. फ्लोरा शेवटपर्यंत कपडे इस्त्री करत राहिली आणि गाव तिला पाठीमागे 'काउंटेस', म्हणजे अर्लची बायको, म्हणत राहिलं. ते मानाने म्हणत नसे. मिस सिसली पुढे टपाल कचेरीच्या खिडकीत बसल्या आणि चव्वेचाळीस वर्षांनी उठल्या.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या खोक्यांमध्ये बसल्या होत्या. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांना समुद्रकाठच्या एका वृद्धाश्रमात जागा मिळणार होती, आणि त्यांनी वर्षभर आधीच बांधाबांध सुरू केली होती.

"फळी करतेयस म्हणे," त्या म्हणाल्या. "मी जायच्या आत होईल का?"

"पावणेतीन दुपारींचं काम आहे, मिस सिसली."

"जागा उरली तर वडलांचं नाव कुठेतरी घालशील? त्यांची कबर तिकडे वाळूत आहे. इथे कुठेच काही नाही. मी गेल्यावर तर ते नाव घेणारंही कुणी नाही."

"आकडा कुठला घालू तेच ठरत नाहीये. डल्सी दहा म्हणते."

"आकड्याचं तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या आणि मला चहा ओतला. "आई मात्र दर चौदा मार्चला सांगायची, आज मी ऐंशी मिनिटं काउंटेस होते. माझे वडील बारा वाजता गेले आणि तिचे सासरे दहा चाळीसला. तेव्हाच्या पाद्रीबुवांनीच तिला सांगितलं होतं. त्या ऐंशी मिनिटांत ती काय करत होती माहितेय? वाड्याचे टेबलक्लॉथ इस्त्री करत होती. कोपऱ्यात अर्लचा मुकुट भरलेले. म्हणायची, सिसली, माझेच टेबलक्लॉथ, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

आम्ही दोघी हसलो.

मी ठरवलं की फळी पुढच्या वर्षीच्या चौदा मार्चच्या आत उभी राहील. तेवढा माझा शब्द.

मग परवानगी. भिंतीला दोन स्क्रू मारायचे होते. इंग्लंडात चर्चची भिंत आठशे वर्षांची असेल तर तिच्यात स्क्रू मारायला बिशपच्या कचेरीची लेखी परवानगी लागते. अर्ज अकरा पानांचा होता. सातवा प्रश्न: 'प्रस्तावित वस्तूमुळे उपासनेत कोणती भर पडेल?'

"लिही ना," क्लेमंट म्हणाला, "प्रवचन लांबलं तर वाचायला काहीतरी होईल."

मी तेच जरा सभ्य शब्दांत लिहिलं. तो प्रश्न पास झाला. बाराव्यात त्यांनी लाकडाचा नमुना मागितला, पंधराव्यात सोनेरी रंगाचा, आणि जूनमध्ये एक उंच गृहस्थ शिडी घेऊन भिंत बघायला आले. रात्री साडेनऊला ते शिडीवर चढले, अकराला उतरले आणि टोपी काढून म्हणाले, "वटवाघळं आहेत."

वटवाघळांना आमच्याकडे कायद्याचं संरक्षण आहे. ती जिथे राहतात तिथे ठोकाठोक करता येत नाही.

"किती आहेत?" मी विचारलं.

"एकशे बारा. त्यांतली नऊ पिलं."

एका रात्रीत त्या माणसाने अंधारात उडणारी वटवाघळं मोजली होती. आम्हाला पावणेचारशे वर्षांत जागच्या जागी झोपलेले अर्ल मोजता आले नव्हते. मला फार लागलं ते.

गावाचा सल्ला मिळत होताच. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, फळी छपराला टांगा. खाटीक म्हणाला, जमिनीवर नावं कोरा, पण जमिनीवर आधीच सहावा अर्ल होता. डल्सीने सुचवलं की वटवाघळांशी कुणीतरी बोलावं. तिला म्हणायचं होतं वटवाघळांच्या अधिकाऱ्याशी, पण त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावरून ते नक्की कळत नव्हतं.

मार्ग काढला क्लेमंटने. "टेकवून ठेवलेल्या वस्तूला काय लागतं?" त्याने विचारलं. टेकवून ठेवलेल्या वस्तूला फक्त एक पत्र लागत होतं. क्लेमंट बागेत कांद्याच्या पातीसारखी दिसणारी, पण मनगटाएवढी जाड लीक वाढवतो आणि प्रदर्शनात मांडतो. त्या मांडणीच्या जुन्या चौकटीतून त्याने फळी टेकवायला लाकडी घोडा तयार केला. मी म्हटलं, याचा गुरुत्वमध्य फार वर आहे. तो म्हणाला, तीन वर्षं यावर लीक उभी राहिलीत, अर्ल काय जास्त जड आहेत? आम्ही कोरी फळी चढवून पाहिली. घोडा डोलला, फळी पुढे आली, आणि झोपलेल्या चौथ्या अर्लच्या तोंडावर पडली.

नाक निघालं.

खिडकी लावा म्हणणारा तो. त्याचं नाक माझ्या तळहातावर होतं, अक्रोडाएवढं. चुनखडीच्या दगडाला कुठला गिलावा धरतो ते मला माहीत आहे, मी दहा मिनिटांत ते चिकटवलं असतं. पण पाद्रीबाईंनी हळूच ते माझ्याकडून घेतलं. "हेस्टर, नको. नाकाला वेगळा अर्ज आहे." ते नाक अजून त्यांच्या खणात आहे, 'चौथा, नाक' अशी चिठ्ठी लावून.

क्लेमंटने घोड्याचे पाय रुंद केले. पत्र आलं. पत्राबरोबर बिशपच्या कचेरीने एक ओळ जोडली होती: फळीवर जे लिहिलं जाईल ते खरं असल्याबद्दल समितीने खात्री करून घ्यावी. मी म्हटलं, अर्थात.

अशी जानेवारी उजाडली, पुढच्या वर्षीची. मी पुन्हा त्या प्रश्नाकडे वळले: अ‍ॅम्ब्रोज आधी की जॉफ्री आधी? मिस सिसलींच्या आईची आठवण हा पुरावा नव्हता. कागद हवा होता. आणि तो मिळाला. चर्चच्या लोखंडी पेटीत दफनाच्या जुन्या नोंदवह्या असतात, त्या पाद्रीबाई आणि डल्सी छपराचं पाणी लागलंय का म्हणून वाळवत होत्या. १९१७ च्या वहीत तेव्हाच्या पाद्रीबुवांनी आठव्या अर्लच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: सकाळी दहा चाळीस, मी शेजारी होतो. आणि त्याच पानात घडी घातलेलं एक पत्र होतं, बगदादच्या लष्करी इस्पितळातल्या धर्मगुरूचं. 'चौदा मार्चला कॅप्टन स्ट्रेटन शांतपणे गेले. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे बारा वाजत होते.'

डल्सी ते पत्र घेऊन रस्त्याने धावत आमच्याकडे आली. एकाहत्तराव्या वर्षी, स्वयंपाकाचा एप्रन न काढता. "दहा!" ती फाटकातूनच ओरडली. "बारातून दहा चाळीस गेले किती? सांग तूच! ऐंशी मिनिटं! बिचारी फ्लोरा खरं बोलत होती, हेस्टर, आणि आमच्या आज्यांनी तिला हसून हसून मारलं गं."

डल्सीच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही ते पत्र वाचलं, नोंदवही वाचली, दोन्हींवरची तारीख ताडून पाहिली, आणि खात्री झाली म्हणाले. मी. छत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेली बाई.

पुढचे दोन महिने गाव अगदी सुरेख वागलं. मिस सिसलींच्या दारात लोक केक ठेवून जायला लागले. ज्या दुकानदाराच्या आजोबांनी फ्लोराला मागच्या दाराने यायला सांगितलं होतं, त्याने त्यांच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं, आणि ते दार आपोआप उघडणारं होतं. फळी रंगवायला रॉली टॅपस्कॉट होता. तो माझा विद्यार्थी, दोनदा नापास. तो गुत्त्यांच्या पाट्या रंगवतो, त्यामुळे त्याची अक्षरं ढेरपोटी आणि आनंदी येतात. फळी लांबून बघितली तर आज कुठकुठल्या बीअर मिळतील याची यादी वाटायची. पण नववी ओळ त्याने फार जीव लावून काढली होती. '९. अ‍ॅम्ब्रोज, १९१७.' सोनं दुहेरी.

"याचे वेगळे पैसे नकोत, बाई," तो म्हणाला. "माझी पणजी पण हसणाऱ्यांतली होती."

दहा मार्चला, रविवारी सकाळी, आमच्या मुलीचा फोन आला. ती नैरोबीत पाण्याच्या शुद्धीकरणाचं काम करते. घड्याळात नऊ वाजत होते. क्लेमंट अंडं उकडत होता.

"लवकर बोल हं आई," ती म्हणाली, "आम्ही जेवायला बसतोय. बारा वाजले."

मी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"आई? आई, ऐकतेयस ना?"

नैरोबी आणि बगदाद वेळेच्या एकाच पट्ट्यात येतात. आमच्यापेक्षा तीन तास पुढे. बगदादच्या भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत होते तेव्हा थ्रेक्सबीत नऊ वाजले होते. जॉफ्रीला अजून एक तास चाळीस मिनिटं जगायचं होतं. अ‍ॅम्ब्रोज बापाच्या आधी गेला होता. तो अर्ल नव्हता. एक मिनिटही नव्हता. फ्लोरा कुणाची काउंटेस नव्हती, ती फक्त इस्त्री करत होती.

हे अकरावीत शिकवतात. अकरावीत हे मीच शिकवत होते, टेबलावर दिवा आणि समोर फिरतं संत्रं घेऊन.

अंडं दगड झालं. क्लेमंटने ते माझ्यासमोर ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"तेही खरं," तो म्हणाला. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने या मुद्द्यावर कधी वाद घातलेला नाही. "पण डल्सीला सांगायच्या आधी तिला सांग. जिचे वडील आहेत तिला."

मिस सिसलींच्या घरात आता फक्त दोन खुर्च्या, एक किटली आणि खिडकीत तीन केक उरले होते. चार घरं चालून जायला मला पंधरा मिनिटं लागली. वाक्य तयार करत होते. आत गेल्यावर तयार केलेलं काहीच आठवलं नाही, म्हणून मी नुसते आकडे सांगितले. बारा, वजा तीन, नऊ. दहा चाळीसच्या आधी.

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग किटली चढवली.

"हेस्टर," त्या म्हणाल्या, "मी चव्वेचाळीस वर्षं परदेशच्या तारा घेतल्या. माझ्या खिडकीच्या डाव्या हाताला जगाच्या वेळांचा तक्ता होता. बगदाद वरून तिसरं. सोळाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्याच दिवशी वाचला मी तो."

"म्हणजे तुम्हाला..."

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळलं होतं."

"आणि तुमच्या आईंना?"

"तिला कशाला सांगू? तिच्याकडे नवऱ्याची काय वस्तू होती? एक दाखला, एक फोटो आणि ही ऐंशी मिनिटं. त्यांतली मी ऐंशी मिनिटं काढून घेऊ?" त्यांनी कपात दूध ओतलं. "ती तर म्हणायची, दिवस आठवून ठेव सिसली, वेळ आठवून ठेव. मी म्हणायची, हो आई."

मला जरा रागच आला, खरं सांगायचं तर. "मग आम्ही सगळं गाव नाचत होतो तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत? रॉलीने दुहेरी सोनं लावलंय!"

"मी तुझ्याकडे आकडा मागितला होता का? मी नाव मागितलं होतं." हे बरोबर होतं. माझ्या टिपणवहीत तसंच लिहिलेलं आहे. "आणि मग डल्सी केक घेऊन आली," त्या म्हणाल्या. "साठ वर्षांत पहिल्यांदा. दारात उभी राहून रडली. आता अशा वेळी मी तिला काय म्हणू, तक्ता बघ? म्हटलं, निदान केक संपेपर्यंत थांबावं. तो संपायच्या आत दुसरीचा आला. असं करत करत राहून गेलं बघ."

खिडकीतल्या तीन केकांकडे आम्ही दोघींनी पाहिलं.

"पुसून टाक ते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चर्चमध्ये खोटं नको. वडलांना आवडलं नसतं. मला वाटतं आवडलं नसतं. मला काय माहीत म्हणा, त्यांना काय आवडायचं ते."

किटली शिट्टी वाजवत होती आणि कुणी उठत नव्हतं.

मी खूप वेळ विचार केला असं म्हणता येणार नाही. शाळेतल्या प्रयोगवहीत दोन रकाने असतात, तेवढंच मला दिसलं. डावीकडे निरीक्षण, उजवीकडे निष्कर्ष. मुलं नेहमी निष्कर्ष निरीक्षणात लिहून मोकळी होतात, आणि आम्हीही तेच केलं होतं.

"मिस सिसली," मी म्हटलं, "आकडा पुसू, नऊ हेन्रीला जाईल. नाव राहील. जॉफ्रीपुढे लिहू, चौदा मार्च, सकाळी दहा चाळीस, थ्रेक्सबी. त्याच्याखाली आकड्याशिवाय लिहू, ज्येष्ठ पुत्र अ‍ॅम्ब्रोज, चौदा मार्च, दुपारी बारा, बगदाद. दोन्ही वेळा जिथल्या तिथल्या घड्याळातल्या. प्रत्येक अक्षर खरं. वजाबाकी आपण करायची नाही."

त्यांनी किटली उतरवली. "आणि कुणी विचारलं तर?"

"विचारलं तर खरं सांगेन."

"नाही विचारलं तर?"

"छत्तीस वर्षं शिकवलंय मी. कुणी विचारत नाही."

त्या इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला.

रॉलीने एका दिवसात सोनं खरवडलं आणि दुसऱ्या दिवशी नवीन ओळी काढल्या. त्याने काहीच विचारलं नाही. "वेळा घातल्यात ते झकास झालं, बाई," तो म्हणाला, "आता कुणीही हिशेब करू शकेल." पाद्रीबाईंना मी सगळं सांगितलं. खात्री करून घेण्याची ओळ त्यांच्या नावाने आली होती. त्या फळीपुढे उभ्या राहिल्या, दोन्ही ओळी हळूहळू वाचल्या आणि म्हणाल्या, "माझी खात्री आहे. प्रत्येक अक्षराची." डल्सीने मात्र आकडा कुठे गेला म्हणून मला धरलं. मी म्हटलं, ग्रंथात जोवर बदल होत नाही तोवर फळीवर आकडा घालता येणार नाही. हे खरंच आहे. ग्रंथात बदल होणार नाही हेही खरं आहे.

"ग्रंथवाले मूर्ख आहेत," डल्सी म्हणाली. "मग एकूण किती म्हणायचे, साडेनऊ?"

चौदा मार्चला सकाळी दहाला फळीवरचं कापड काढलं. घोडा डोलला नाही. वटवाघळं झोपलेली होती. सगळं गाव आलं होतं, आणि डल्सी प्रत्येकाला दंडाला धरून फळीपुढे नेत होती आणि बोटांवर मोजून दाखवत होती. मग सगळे शेजारच्या सभागृहात चहाला गेले.

मिस सिसली उठल्या नाहीत. त्या पहिल्या बाकावर, फळीच्या समोर बसून होत्या. दहा अडतीस झाले होते.

"तू जा," त्या म्हणाल्या. "मी जरा बसते. बारापर्यंत."

मी गेले नाही, त्यांच्या मागच्या बाकावर बसले. वरच्या घड्याळाचा लंबक ऐकू येत होता. थ्रेक्सबीच्या चर्चमध्ये मार्चमध्ये सहा अंशांच्या वर तापमान जात नाही, मी मोजलेलं आहे, आणि बाक ओकचे आहेत. अकराच्या सुमारास त्या जरा अवघडून सरकल्या. त्यांनी हातरुमाल काढला, कडक इस्त्रीचा, मांडीवर पसरला, आणि घडीवरून अंगठा फिरवत बसल्या.

मी पुढे वाकले. मला काय म्हणायचं होतं ते मला नीट माहीत होतं. ते कुठल्याही ग्रंथात बसणार नाही हेही माहीत होतं. अर्लच्या मुलीला ज्या नावाने हाक मारतात, ते नाव त्यांना अठ्ठ्याहत्तर वर्षांत कुणी दिलेलं नव्हतं.

"लेडी सिसली," मी म्हटलं, "पाठीला उशी आणू का?"

त्या वळल्या नाहीत. मग त्यांनी हनुवटीने डावीकडे दाखवलं. तिथे दुसरा अर्ल हात जोडून दगडात झोपला होता.

"त्याच्या डोक्याखाली किती आहेत बघ."

मी उठून बघितलं. "दोन."

"मग दोन आण," त्या म्हणाल्या. "आमच्या घराण्यात एका उशीवर भागत नाही."

मी दोन आणल्या.